तळपायाची आग

आमच्या लहानपणी माणदेशात आजार फार थोडे होते. माणसे आजारी पडत नसत असे नव्हे. आजारांची नावे थोडी होती. वात, बाधा, नजर आणि उष्णता एवढ्या चार खणांत गावातली बहुतेक दुखणी बसत, आणि चौघांत उष्णतेचा खण सर्वांत मोठा. तोंड आले, उष्णता. घोळणा फुटला, उष्णता. पापणीवर रांजणवाडी उठली, लघवीला आग झाली, ऐन पंचविशीत केस पिकले, पोराच्या डोक्यात गळवे झाली, रात्री तळपाय जळू लागले, सगळ्यांना कारण एकच. थर्मामीटर घरात नव्हताच, आणि असता तरी त्याचा उपयोग नव्हता. कारण ही उष्णता पाऱ्यात उतरणारी नव्हे. अंगाला हात लावावा तर ते गार असायचे आणि तरीही माणूस 'कडकी लागलीया' म्हणून कण्हत असायचा. ताप वेगळा आणि उष्णता वेगळी, हे आम्हांला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक झाले होते.

आमचे गाव म्हसवड आणि आटपाडी यांच्या मधल्या पट्ट्यात, माण नदीपासून हाकेच्या अंतरावर. नदी म्हणायची ती पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांपुरती. एरवी वाळूचा रुंद पट्टा. उन्हाळ्यात त्या वाळूत झरे उकरून बाया वाटीवाटीने घागर भरत. या भागाला मराठी वाचक ओळखतात ते मुख्यतः व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) या पुस्तकांमुळे, आणि शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मुळे (१९८१). 'बनगरवाडी' वर्गात शिकवताना, दुष्काळाने वाडी ओस पडते तिथपर्यंत आलो की विद्यार्थी उन्हाबद्दल प्रश्न विचारतात. बाहेरच्या उन्हाबद्दल आम्ही पुष्कळ बोलतो. आतल्या उन्हाबद्दल कोणी विचारत नाही. आज त्याविषयी लिहावेसे वाटते, आणि त्याला एक कारण आहे. ते पुढे येईल.

आतल्या उन्हाचे शास्त्र आमच्या घरात आजीकडे होते. प्रत्येक पदार्थाला तिने उष्ण किंवा थंड ठरवून टाकलेले होते आणि त्या निवाड्यावर अपील नव्हते. बाजरी उष्ण, ज्वारी थंड. गूळ उष्ण, साखर थंड. हुलगा उष्ण, मूग थंड. वांगे, पपई, मेथी, लसूण, तीळ उष्ण; ताक, काकडी, धने, सब्जा, वाळा थंड. बिब्बा तर साक्षात निखारा. तोंड आले की सब्जा भिजवायचा, लघवीला आग झाली की धन्याजिऱ्याचे पाणी, नाकातून रक्त आले की कांदा फोडून हुंगायला द्यायचा किंवा दूर्वांचा रस नाकात पिळायचा. आणि तळपायांची आग असेल तर काशाची वाटी. तुपाचे बोट फिरवून त्या वाटीने तळपाय घासायचे. घासता घासता पायाला काळी पुटे धरत. आजी ती दाखवून म्हणे, 'बघ किती उष्णता निघाली!' ती पुटे काशाचा धातू आणि तूप यांच्या घर्षणाने धरतात, हे आम्ही पुढे शिकलो. पण पाय शांत व्हायचे आणि झोप लागायची, हेही खरेच होते.

या शास्त्रातली एक विसंगती मात्र आम्हांला तेव्हाही टोचत असे. हुलगा उष्ण म्हणून वर्ज्य, आणि आमच्या भागात रोजचे खाणे कोणते, तर हुलग्याचे माडगे. बाजरी उष्ण, आणि खरिपात पिकते ती बाजरीच. एकदा आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, 'जे पिकतंय त्येच खायाचं. उष्ण म्हणून टाकलं तर खाचाल काय, वाळू?' पथ्य हा पाणी असलेल्या गावांचा अधिकार आहे, असा त्याचा अर्थ होतो हे समजायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली.

आजीचे शास्त्र काही आकाशातून पडलेले नव्हते. आयुर्वेदात द्रव्याचे वीर्य मुख्यतः दोनच प्रकारचे मानले आहे, शीत आणि उष्ण. आणि पित्ताचा गुण उष्ण. पण ग्रंथ आणि गाव यांच्यात एक गमतीदार अंतर आहे. ग्रंथांच्या ऋतुचर्येनुसार पित्ताचा संचय होतो वर्षा ऋतूत आणि त्याचा प्रकोप होतो शरदात. म्हणजे वैशाखवणव्यात नव्हे, तर आश्विनातल्या त्या फसव्या, स्वच्छ उन्हात. शरद ऋतू ही वैद्यांची आई, अशा अर्थाचे जुने वचन त्यातूनच आले. दिवसा सूर्याने तापलेले आणि रात्री चंद्राने निवलेले शरदातले पाणी ग्रंथकारांनी पथ्यकर मानले आहे. आमच्या आजीला ही ऋतुचर्या मान्य नव्हती. तिच्या लेखी उष्णता चैत्रात लागे आणि मृग बरसेपर्यंत राही. ग्रंथातला वैद्य पाऊस पुरेसा पडणाऱ्या प्रदेशात बसून लिहीत होता. आजी पर्जन्यछायेत राहत होती.

मराठी भाषेनेही ही उष्णता किती ठिकाणी जपून ठेवली आहे पाहा. ताप, संताप, तापट, पश्चात्ताप, तपश्चर्या ही सगळी एकाच तप् धातूची लेकरे. पित्त खवळते ते अजीर्णानेही आणि अपमानानेही. अंगाची लाही लाही होते, जळफळाट होतो, आगपाखड होते. आणि राग अगदी अनावर झाला की तळपायाची आग मस्तकात जाते. हा शेवटचा वाक्प्रचार आम्ही वर्षानुवर्षे वापरला, विद्यार्थ्यांना त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. पण आग तळपायातच का असावी आणि तिने वरच का चढावे, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. तो पडला आमच्या आण्णांमुळे.

आण्णा म्हणजे आमचे थोरले चुलते. १९७२ च्या दुष्काळानंतर ते गलाईच्या धंद्यात शिरले. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसे हिंदुस्थानभर सोनेचांदी गाळण्याच्या दुकानांत पसरलेली आहेत, हे वाचकांना ठाऊक असेल. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात हीण काढायचे, शुद्ध धातू मालकाच्या हाती द्यायचा. पाणी नसलेल्या मुलखातली माणसे पोटासाठी देशोधडीला लागली आणि जिथे गेली तिथे भट्टीपुढे बसली. आण्णांच्या वाट्याला कलकत्ता आले. बहूबाजारातल्या सराफ कट्ट्यात एका अंधाऱ्या गाळ्यात ते दिवसभर मुशीत सोने वितळवत. दोन वर्षांतून एकदा, म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाच्या सुमारास, ते गावी येत.

अशाच एका खेपेला ओसरीवर बसून त्यांनी सांगितले, 'चिनी माणसाला बी उष्णता हुती बरं का.'

झाले होते असे. भट्टीपुढे बसून बसून आण्णांचे तोंड आले होते. बहूबाजाराला लागूनच कलकत्त्याची जुनी चिनी वस्ती, आणि बेंटिंक स्ट्रीटवर चिनी चर्मकारांची जोड्यांची दुकाने. तिथल्या एका वृद्ध कारागिराशी आण्णांची ओळख झाली होती. दोघांनाही बंगाली आणि हिंदी सारखीच मोडकी येत असे. १९६२ च्या युद्धानंतर कलकत्त्याच्या आणि ईशान्येच्या कितीतरी चिनी कुटुंबांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबले होते. त्यामुळे ही माणसे अनोळखी माणसाशी जपूनच बोलत. त्या म्हाताऱ्याने आण्णांना जीभ बाहेर काढायला लावली, उजेडाकडे तोंड करून उभे केले, नीट पाहिले आणि आतून एक काळा, कडूजहर काढा आणून दिला. मग त्याने बोट आधी जमिनीकडे, मग डोक्याकडे नेले. आग वर चढली आहे, असे त्याला म्हणायचे होते.

आण्णांना ते भाषांतराशिवाय कळले. घरी आल्यावर ते आजीला म्हणाले, 'आये, तुझंच शास्त्र तिकडं बी हाय.' आजीला त्याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. 'त्यांला काय पाय न्हाईत व्हय?' एवढेच ती म्हणाली.

पुढे महाविद्यालयात शिकवू लागल्यावर, ग्रंथालयात हाताशी आले ते वाचताना, आम्हांला तो म्हातारा पुन्हा भेटला. चिनी लोक या दुखण्याला 'शांग हुओ' म्हणतात. शब्दशः अर्थ, आग वर चढणे. तोंड येणे, हिरड्या सुजणे, घसा धरणे, नाकातून रक्त, डोळे लाल, चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि चिडचिड ही त्याची लक्षणे. तळलेले, मसालेदार, बकऱ्याचे मांस, लिची उष्ण. काकडी, कलिंगड, नासपती थंड. उन्हाळ्यात आग उतरवायला चिनी घरांत मुगाचे कढण करतात. हे वाचले तेव्हा आजीच्या चुलीवरचे मुगाचे कढण आठवले. दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांतात ज्याला 'थंड चहा' म्हणतात तो प्रत्यक्षात गरमच पितात आणि तो चहाही नसतो. उष्णता उतरवणाऱ्या वनस्पतींचा कडू काढा असतो. आण्णांनी प्यायला तो असाच काही असणार.

पण आम्हांला खरी अडवणारी गोष्ट पुढे होती. चिनी वैद्यकाने आतल्या उष्णतेचे दोन भेद केले आहेत. एक भरलेली उष्णता: शरीरात आगच जास्त झाली आहे. दुसरी रिकामी उष्णता: आग आहे तेवढीच आहे, पण तिला आवरणारा ओलावा, ज्याला ते 'यिन' म्हणतात, तो आटला आहे, म्हणून आग मोठी भासते. पहिलीत जीभ लाल आणि तिच्यावर पिवळट थर. दुसरीत जीभ लाल पण थर जवळजवळ नाहीच, कोरड्या नदीच्या पात्रासारखी. पहिलीवर उपाय आग विझवण्याचा, दुसरीवर उपाय पाणी भरण्याचा. रिकाम्या उष्णतेला भरलेली समजून थंड औषधांचा मारा केला तर रोगी आणखी खचतो. बाराव्या शतकातला लिऊ वानसू हा थंड औषधांचा कैवारी मानला जातो. चौदाव्या शतकातल्या जू दान्शीने (१२८१-१३५८) मात्र सांगितले की माणसाच्या ठायी आग नेहमी शिल्लक आणि ओलावा नेहमी अपुरा असतो, तेव्हा आधी ओलावा राखा. ही दोन्ही मते तिथल्या परंपरेने जपली.

हे वाचताना डोळ्यांपुढे आला तो आमचा तालुका. माणचे ऊन काही सगळ्या महाराष्ट्रात कडक नव्हे. चंद्रपूर-नागपूरकडचा पारा आमच्याहून कितीतरी वर जातो. पण त्याच सातारा जिल्ह्यात, हवाई अंतराने जेमतेम शंभर किलोमीटरवर महाबळेश्वर आहे आणि तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि दहिवडी-म्हसवडपर्यंत पोचतात ते नुसते पांढरे कापूस होऊन; आमच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेरच पाऊस येतो. आमची उष्णता ही रिकामी उष्णता होती. सूर्य जास्त नव्हता, पाणी कमी होते. आटपाडीचा मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. आमच्या वडिलांच्या पिढीने शाळेच्या पटांगणात रोज त्या सूर्याला नमस्कार घातले. सूर्याशी आमचे वैर कधीच नव्हते.

मग आमच्या बायांना चैत्र लागला की उन्हाळी का लागत असे, याचा उलगडा झाला. उन्हाळी म्हणजे लघवीला होणारी आग. ती पुरुषांपेक्षा बायांना अधिक होई आणि आजी म्हणे, 'बाईची जातच उष्ण.' बाईची जात उष्ण नव्हती. घागर तीन कोसांवरून तिने आणायची, घरातल्या सगळ्यांनी प्यायची आणि उरले तर तिने प्यायचे. शिवाय आडोसा नव्हता. दिवसाउजेडी बाहेर जाता येत नसे, म्हणून ती दिवसभर मुद्दामच पाणी पीत नसे. अंधार पडण्याची वाट पाहत पाहत मूत्राशय जळत राही. त्याला आमच्याकडे उष्णता असे नाव होते. त्यावर धन्याजिऱ्याचे पाणी दिले की बरे वाटे. आणि त्या औषधात धने किती आणि पाणी किती, हे कोणी पाहिले नाही.

इथवर लिहून आम्ही थांबलो असतो तर हा लेख पारंपरिक शहाणपणाचे गुणगान करणारा झाला असता. तसे लेख आम्ही पूर्वी लिहिले आहेत. पण नानीबद्दल लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

नानी म्हणजे आण्णांची बायको, आमची चुलती. आण्णा कलकत्त्याला, म्हणून तिचे सारे आयुष्य सासूच्या हाताखाली आमच्याच घरात गेले. तिला मिश्रीची सवय होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळ-दुपार दातांना लावून बसायचे; आमच्या भागातल्या कितीतरी घरांत हे चाले आणि दातांना चांगले म्हणून चाले. भाजताना सुटणारा तो ठसका आजही आमच्या नाकात आहे. १९९७ च्या उन्हाळ्यात नानीचे तोंड आले. डाव्या गालाच्या आत जखम होती आणि तिखट लागत नव्हते. घरातले निदान तयारच होते. सब्जा झाला, गुलकंद झाला, दुधातुपाचे हात फिरले. जखम राहिली. पावसाळा आला, पाऊस न पडताच गेला, जखम राहिली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो तेव्हा ती पदर तोंडाशी धरूनच बोलत होती. ती नेहमीच तशी बोले. थोरल्यांपुढे पदराआड बोलायची तिची रीत होती. आम्ही विचारले, 'नानी, काय होतंय?' ती म्हणाली, 'काय न्हाई बाबा, उष्णता.' आणि आम्ही, त्या वेळी दोन पदव्या पदरी असलेले, चिनी वैद्यकातले भरलेल्या-रिकाम्या उष्णतेचे भेद वाचून हरखून गेलेले, तिला म्हणालो, 'पाणी जास्त पीत जा.'

तिच्या तोंडात पाहिले नाही. तिने पदर काढला नाही आणि आम्ही काढायला सांगितले नाही.

माघात आण्णा कायमचे गावी परतले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नानीला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवले, सासूदेखत पदर बाजूला घ्यायला लावला आणि जीभ बाहेर काढ म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते तिला घेऊन मिरजेला गेले. कर्करोग होता आणि तो मानेच्या गाठींपर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा भाग काढावा लागला, शेक दिले. शेकाने तिचे तोंड पुन्हा आले, या वेळी खऱ्याखुऱ्या आगीने. १९९९ च्या आषाढात ती गेली.

तेराव्यानंतर ओसरीवर बसलो असताना आण्णांनी कलकत्त्याच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. पण या वेळी त्यात एक भाग जास्त होता. पूर्वी तो त्यांना सांगण्याजोगा वाटला नव्हता. काढा देण्याआधी म्हाताऱ्याने विचारले होते, 'कितने दिन हुआ?' आण्णा म्हणाले होते, आठ-दहा. तेव्हा त्याने दोन्ही हातांची बोटे उघडून, मिटून, पुन्हा अर्धी उघडून दाखवली होती: पंधरा दिवसांत नाही गेले तर हा काढा नाही, दवाखाना. 'जोडं शिवणारा माणूस,' आण्णा म्हणाले, 'पर त्यानं दिस मोजलं. आपल्या घरात कुणी दिस मोजलं न्हाईत.' ते आम्हांला उद्देशून बोलले नसावेत. आम्ही मात्र ते स्वतःकडे घेतले.

त्यानंतर बरीच वर्षे 'उष्णता' या शब्दाचा आम्हांला राग होता. तो शब्द म्हणजे न पाहण्याची सोय आहे असे वाटे. तसे पुरावेही भाषेत सापडत. 'गरमी' हा मराठीत उपदंशाचा जुना शब्द. नवऱ्याने बाहेरून आणलेला रोग बायकोच्या अंगात 'गरमी' म्हणून राही आणि कोणाचे नाव घ्यावे लागत नसे. अंगावर फोड आणणारा तो भीषण रोग 'देवी' झाला आणि देवीचे नाव पडले शीतला, म्हणजे थंड करणारी. दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधायचा, तिला निववायचे आणि वाट पाहायची. भारतातून देवीचा रोग गेला तो १९७५ मध्ये, लस टोचणाऱ्यांच्या पायपिटीमुळे, निववण्याने नव्हे.

हा राग थोडा निवाला तो २०१५ मध्ये. त्या वर्षी चीनच्या थू योयो यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, हिवतापावरच्या आर्टेमिसिनिन या औषधासाठी. ते औषध ज्या वनस्पतीतून निघते ती 'छिंगहाओ' चिनी वैद्यकात कशासाठी सांगितली आहे, तर रिकामी उष्णता उतरवण्यासाठी. थू योयो आणि त्यांचे सहकारी १९६९ पासून जुन्या पोथ्या चाळत होते. छिंगहाओच्या अर्काने कधी गुण येई, कधी येत नसे. मग चौथ्या शतकातल्या गे हाँग या ग्रंथकाराच्या एका सूचनेवर त्यांचे लक्ष गेले: मूठभर पाला पाण्यात भिजवावा, पिळावा आणि रस प्यावा. उकळावा असे त्यात नव्हते. उष्णतेने औषध मरत असेल काय? त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर लागू पडला. पुढे त्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला.

या हकिकतीचा उपयोग जो तो आपल्या सोयीने करतो. परंपरा खरी ठरली असे कोणी म्हणतो, विज्ञानाने परंपरेला सोडवले असे कोणी. आम्हांला त्यात दिसला तो बेंटिंक स्ट्रीटवरचा म्हातारा. जुना शब्द त्यांनी फेकला नाही आणि त्याच्यापाशी थांबल्याही नाहीत. गुण येतो की नाही, किती वेळा येतो, हे मोजत राहिल्या. आमच्या घरात शब्द होता आणि तो पुष्कळ गोष्टी जाणत होता. बायांची तहान त्याला ठाऊक होती, भट्टीपुढचा माणूस ठाऊक होता, अपमानाने पेटणारे मस्तक ठाऊक होते. नानीच्या गालातली जखम मात्र त्याला ठाऊक नव्हती, आणि ती त्याला ठाऊक आहे असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

अलीकडे गावी जाणे होते ते वर्षातून दोनदा. टेंभू योजनेने वर उचललेले कृष्णेचे पाणी आता आटपाडी भागात येते. ज्या माळावर कुसळे होती तिथे डाळिंब आणि कुठे कुठे ऊसही दिसतो. बहुतेक घरांत संडास झाले. उन्हाळीची तक्रार पूर्वीइतकी ऐकू येत नाही. उष्णता हा शब्द मात्र आहे तसाच आहे आणि तंबाखूही आहे; गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी मिश्रीची डबी कमरेला आहेच. आण्णा आता नाहीत. काशाची वाटी आमच्याकडे आली. उन्हाळ्यात पाय फार जळले तर रात्री आम्ही ती काढतो, तूप लावतो, पायाला काळी पुटे धरतात आणि झोप लागते.

मागच्या सत्रात एक विद्यार्थिनी तास संपल्यावर भेटायला आली. तोंडी परीक्षा पुढे ढकलाल का, असे तिचे म्हणणे. तोंड आले आहे, बोलवत नाही. 'उष्णता झालीय सर,' ती म्हणाली. पूर्वी आम्ही तिला शब्दाची व्युत्पत्ती सांगितली असती, कदाचित शांग हुओही. आम्ही विचारले, 'किती दिवस झाले?' ती म्हणाली, तीन. परीक्षा पुढे ढकलली. जाताना तिने सांगितले, गावाकडे आजीचेही तोंड आले आहे, तिलाही उष्णताच.

'तिला किती दिवस झाले?' आम्ही विचारले.

ती थांबली. तिला ते माहीत नव्हते. तिथेच, वर्गाच्या दारात उभी राहून, तिने घरी फोन लावला.